कामापुरती सवाष्ण

पुष्पावतीची दोह्यात दोन कामं होती. एका कामाला पगार होता, दुसऱ्याला ओटी.

पगाराचं काम मुऐदरला, नयनाच्या व्हिलात. नयना आणि तिचा नवरा अरुणकुमार पुण्याचे, तो गॅसच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुलगी उर्वी नुकती चालायला लागली होती तेव्हा त्यांनी परभणीकडची ही बाई घरकामाच्या व्हिसावर आणली. स्वयंपाक, झाडू, कपडे आणि उर्वी. बदल्यात पगार आणि एक पदवी: मावशी. "आमच्या मावशी म्हणजे घरातल्याच," असं नयना चारचौघांत सांगायची. घरातल्या माणसाला सुट्टीचा वार नसतो. ओव्हरटाइमही नसतो. पासपोर्टही घरातल्या माणसानं स्वतःजवळ ठेवायचा नसतो, तो कपाटात "सांभाळून" असतो.

दुसरं काम शुक्रवारचं. दोह्यात मराठी घरं पुष्कळ, पण सासू-आया तिकडे पुण्या-नाशकात. इथल्या पोरींना वीस माणसांची पुरणपोळी येत नाही आणि सण तर सोडवत नाही. मग डोहाळजेवण असो, बारसं असो, चैत्रातलं हळदीकुंकू असो, नयनाला फोन यायचा. "अगं, मावशींना पाठवशील का?" नयना पाठवायची. पुष्पावती सकाळी जाऊन पुरण वाटायची, पोळ्या लाटायची, भांडी घासायची, आणि शेवटी घरची बाई तिला पाटावर बसवून हळदीकुंकू लावायची, ओटी भरायची, वाकून पाया पडायची. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. झाला हिशेब.

"पैसे दिले तर त्यांना वाईट वाटेल गं," नयना मैत्रिणींना समजवायची. "त्या काय कामवाल्या आहेत? सवाष्ण आहेत आपल्या."

नारळ आणि तांदूळ नयनाच्या किचनमध्ये जायचे. ब्लाउजपीस पुष्पावतीच्या बॅगेत. आता ब्लाउजपीस ही काय चीज आहे ते मराठी बाईला शिकवायला नको. तो शिवायला नसतोच, पुढं सरकवायला असतो. नयनाला कुणाकडे जायचं असलं आणि घरात पीस नसला की ती हाक मारायची, "मावशी, तुमच्यातला एखादा द्या हो, पुढच्या वेळी देते." म्हणजे बाईची मजुरी उसनी घेऊन दुसऱ्या बाईची ओटी. एक मोरपंखी पीस तर फिरून फिरून पुष्पावतीच्याच ओटीत आला. तिनं तो ओळखला, कपाळाला लावला आणि पदरात घेतला. काय करील?

माझी तिची ओळख या ब्लाउजपिसांवरूनच झाली. अल नस्रमध्ये माहनूर नावाच्या कराचीच्या बाईचं शिलाईचं दुकान आहे, मी तिथं फॉल-पिको करते. नयनाच्या साड्या घेऊन पुष्पावती एकदा ड्रायव्हरबरोबर आली. साड्या दिल्या, इकडंतिकडं बघितलं आणि पिशवीतून पिसांची ही एवढी चळत काढून काउंटरवर ठेवली.

"बाई, हे इकत घेता का?"

माहनूरनं चळत चाळली. "इतने ब्लाउज? बहन, तुम आदमी हो या अलमारी?"

"सवाष्ण हाय," पुष्पावती म्हणाली.

माहनूरला ते कळलं नाही आणि मला हसू आवरेना. माहनूरनं ते अस्तराला घेतले. तेव्हापासून दोह्यातल्या मराठी बायकांच्या ओट्या इथल्या लेहंग्यांच्या आत शिवल्या जाताहेत, कुणाला पत्ता नाही. आणि त्या पैशावर परभणीला ईश्वरी शिकत होती.

ईश्वरी पुष्पावतीची एकुलती एक. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. नवरा वडाप जीप चालवायचा, म्हणजे चालवायचा तेव्हा चालवायचा. बाकी वेळ ओसरीवर. पगार घरी गेला की त्याच्या हातात जायचा, पिसांचे पैसे मात्र ती ईश्वरीच्या नावानं पाठवायची. "होस्टेलाच्या गेटाच्या आत बापाचं बी चालत न्हाय आन काकाचं बी," असं ती म्हणायची. तिच्या आयुष्यातली एकच आखलेली गोष्ट ती: पोरीनं गेटाच्या आत राहायचं, तीन वर्षं, आणि बाहेर पडायचं ते पांढऱ्या कपड्यात, नोकरीवर.

मग नवरा मेला.

तिचा फोन आला तेव्हा मागे नळाचा आवाज येत होता. बाथरूममधून बोलत होती.

"मधुबाई, मालक गेले."

मला वाटलं अरुणकुमार. "कुठं गेले? कतारबाहेर?"

"त्ये न्हाय वो. महे मालक. ईश्वरीचे बाप."

मी हातातली सुई ठेवली. "कधी?"

"रातीच. पोटाचं दुखणं होतं. जाळून बी झालं म्हणं."

"नयनाला सांगितलंस? जाणार ना तू?"

नळ चालूच होता. "जाऊन काय करू, माय? गेले की बांगड्या फोडतील, कपाळ पुसतील. मंग हितं कोण बोलावतंय मला? महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. नयनाताईच्या घरी सवाष्णीचं जेवण. मंग अनुष्काताईचं डोहाळजेवण. समदं सवाष्णीचंच काम हाय हितं. रांडमुंडेला कोण पाटावर बशिवतंय?"

"म्हणजे सांगायचंच नाही?"

"जितेपणी त्यानं मला काय दिलं न्हाय," ती म्हणाली. "मेल्यावर तरी कुंकवापुरता कामी येऊ दे."

मला ते पटलं. अजूनही पटतं. ज्या बाजारात कपाळ बघून काम मिळतं, तिथं बाईनं कपाळ विकावं नाहीतर उपाशी राहावं.

पण तिकडं गावात तिचा दीर गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तेरावं उरकलं आणि त्यानं फोन लावला. घरात मयत झालं, आता पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, रीत आहे. स्थळ बघून ठेवलंय. पोरीला होस्टेलवरून काढतो. पुष्पावतीनं पाया पडून, रडून फाल्गुनापर्यंत मुदत मागून घेतली. म्हणजे एकाच मेलेल्या माणसानं गावात तिच्या लेकीचा गळा धरला होता आणि दोह्यात तिच्या कपाळावर कुंकू ठेवलं होतं.

तेरावं व्हायच्या आधीच नयनाच्या घरी गौरी बसल्या होत्या. पुण्याकडच्या त्या गौरी, परभणीकडच्या महालक्ष्म्या. पुष्पावतीनं पहाटेपासून सोळा भाज्या, कटाची आमटी, पुरण, आंबील, सगळं एकटीनं केलं. सुतक चालू होतं तिला. नवऱ्याच्या सुतकात तिनं देवीचा नैवेद्य रांधला, आणि त्या दिवशी तिच्या हाताला अशी काही चव होती की बायका बोटं चाटत होत्या. ओटी भरताना नयना म्हणाली, "मावशी, असंच अखंड सौभाग्य राहू दे तुमचं." पुष्पावतीनं पदर पुढं केला.

पुढच्या महिन्यात अनुष्काचं डोहाळजेवण. अनुष्का आणि अनय नाशिकचे, दोघं आयटीत, मुशैरिबला ऑफिस. पोरगी शिकलेली. महिला दिनाला तिनं मराठी ग्रुपमध्ये प्रोजेक्टर लावून भाषण केलं होतं, बाईची आर्थिक स्वायत्तता वगैरे. तिच्या ओटीला पहिला हात पुष्पावतीचा, कारण तिथल्या सवाष्णींत तीच मोठी. बाळ दिवसांच्या थोडं आधी आलं. काचेच्या पेटीत ठेवलं, चार-पाच दिवसांनी घरी आलं. आता इतकं गुटगुटीत आहे की उचलताना कंबर धरते. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

माघ लागला आणि ईश्वरीचा फोन आला. काकानं कॉलेजात जाऊन सांगितलंय की पुढच्या वर्षाची फी कुणी भरणार नाही, नाव कमी करा. वर्षाची फी आणि हॉस्टेल एकदम भरलं तरच जागा राहणार. पुष्पावतीनं नयनाकडे उचल मागितली.

"मावशी, एक बोलू का? अ‍ॅडव्हान्सची सवय वाईट," नयना म्हणाली. "आणि मिस्टर कमावतात ना तुमचे? त्यांना सांगा की."

तेव्हा तिला 'ओंजळ' आठवली. 'ओंजळ' म्हणजे इथल्या काही मराठी घरांनी काढलेला मदतीचा फंड. अध्यक्ष राजाभाऊ, इथं जन्म गेलेला माणूस, अल नस्रला फ्लॅट. दर वर्षी एका निराधार भगिनीला मदत, असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरायचा. निराधार म्हणजे काय, तेही लिहिलेलं: विधवा किंवा परित्यक्ता. नवरा असलेल्या बाईला मदत नाही. नवरा ओसरीवर लोळत असला तरी नाही. कपाळावर कुंकू आहे ना, मग जेवण आपोआप येतं, असा यांचा हिशेब.

"जाऊ नकोस," मी तिला म्हणाले. "तिथं विधवा म्हणून उभी राहिलीस की इथली कामं गेली."

"आन न्हाय गेले तर पोरगी गेली," ती म्हणाली. "कामं काय, दुसरी बघीन."

राजाभाऊंना तिनं आधी फोनवर विचारलं. गोड माणूस. "पोरी, बापासारखा समज मला. हे आपल्या दोघांतच. कमिटीसमोर फक्त दोन शब्द बोल, झालं." त्या भरवशावर एका शनिवारी संध्याकाळी ती त्यांच्या फ्लॅटवर गेली. उर्वीच्या फ्रॉकला चेन लावायची आहे म्हणून घरातून निघाली होती. मी बरोबर होते.

दार उघडलं तर सोफ्यावर नयना.

शेजारी अनुष्का, मांडीवर बाळ. पलीकडे कमिटीतल्या आणखी दोन बायका, पुष्पावतीच्या हातच्या पोळ्या खाल्लेल्या. पुष्पावतीचा पाय उंबऱ्यातच थांबला.

"या, या," राजाभाऊ म्हणाले. "मालकिणीकडे जरा चौकशी करावीच लागते. पब्लिकचा पैसा आहे. नयनाताईंना मीच बोलावलं, कोणाचं काम ते न सांगता."

नयना हसत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. "अहो मावशी, तुम्ही इथं कशाला? हा फंड बिचाऱ्या विधवांसाठी असतो."

पुष्पावतीला कुणी बस म्हटलं नाही. ती राजाभाऊंकडे बघत राहिली, ते चष्मा पुसत राहिले.

"मी तीच हाय, ताई," ती म्हणाली.

"तीच म्हणजे?"

"मालक वारले महे."

नयनाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, त्याला जायला वेळ लागला. "कधी?"

इथं तिनं खोटं बोलायला हवं होतं. परवा वारले, काल वारले, काहीही. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. पण ती थकली होती बहुतेक. बाथरूमचा नळ सोडून बोलण्याचा कंटाळा आला असेल.

"भादव्यात. महालक्ष्म्यांच्या अगुदर."

"अगोदर?" नयना उठलीच. "म्हणजे सुतकात? तुम्ही सुतकात माझ्या गौरींचा नैवेद्य केलात?"

"तुमी सुट्टी दिली असती का, ताई?"

"ते मला विचारू नका! गळ्यात हे काय आहे मग? हे कपाळावर काय आहे? सहा महिने माझ्या देवघरात तुम्ही..."

"माझी ओटी पहिली यांनीच भरली," अनुष्का हळू म्हणाली. तिनं बाळ छातीशी घट्ट धरलं. "आय अ‍ॅम नॉट सुपरस्टिशस, हं. बट स्टिल. बाळ एनआयसीयूत होतं हो आमचं."

"आणि यांचं प्रमोशन," नयना म्हणाली. "नोव्हेंबरमध्ये लागणारच होतं. लागलं का?"

"आमचा एसी दोनदा जळला," तिसरी म्हणाली. अगदी गंभीरपणे.

मग माझं डोकं फिरलं. "आणि कतारला गेल्या वर्षी उन्हाळा पण लईच झाला," मी म्हणाले. "तोही तिनंच केला असेल. घाला तिच्या ओटीत."

"मधुबाई, तुम्ही मध्ये पडू नका," राजाभाऊ म्हणाले. "तुम्ही कमिटीत नाही." मग पुष्पावतीकडे वळले. आवाज तोच, गोड. "पोरी, आम्ही पुरोगामी माणसं आहोत. विधवेला आम्ही अशुभ मानत नाही. प्रश्न तो नाहीच. प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. जी बाई मालकिणीला फसवते, देवाला फसवते, तिच्या हातात लोकांचा पैसा कसा द्यायचा? उद्या खरी गरजू बाई आली तर तिला काय सांगू?"

"पोरीची जागा जाती, भाऊ," ती म्हणाली. "तिचा काका तिला उजवून टाकतोय. मह्याकडं नगा बघू. पैका कॉलेजाच्या नावानं द्या, मह्या हातात देऊच नगा."

"लग्न होतंय म्हणजे चांगलंच आहे की," दुसरी बाई म्हणाली. "बाप नाही डोक्यावर. तेवढीच जबाबदारी संपली."

त्या खोलीत कुणी विचारलं नाही, कशानं गेले. कुणी विचारलं नाही, तू रडलीस कधी आणि कुठं. पाणीसुद्धा दिलं नाही. राजाभाऊंच्या सुनेनं ट्रेमधून चहा आणला होता, तो पडदा सरकवून तसाच आत नेला.

निघताना नयना म्हणाली, "गाडीत मागे बसा."

त्या रात्रीपासून तिला किचनमध्ये पाय टाकायला बंदी. देवघराच्या बाजूला जायचं नाही. उर्वीची वेणी घालायची नाही. कामं उरली ती बाथरूमची आणि पोर्चमधल्या गाड्या धुण्याची. बाथरूम विधवेनं धुतलेलं चालतं, त्याला सुतक लागत नाही, हे नयनाला कुणी शिकवलं देव जाणे. उर्वीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्लिश. ती काचेच्या दारामागून विचारायची, "मावशी, आर यू बॅड लक?" पुष्पावतीला इंग्लिश कळत नव्हतं. "हाव बाळा," ती म्हणायची. तिला वाटायचं पोरगी जेवलीस का विचारतेय.

मी हातपाय हलवले. शेजारच्या व्हिलात हिबा नावाची जॉर्डनची बाई राहते, शाळेत शिकवते. तिनं पुष्पावतीला भर उन्हात पोर्चमध्ये फडकं मारताना बघितलं होतं. मी बोलले, तर ती म्हणाली, मला बाई हवीच आहे, माझ्याकडे येऊ दे. फाटकापाशी दोघींना समोर आणलं. मी हिंदी-इंग्लिश-अरबीची खिचडी करून सांगितलं, हिचा नवरा वारला आहे, चालेल ना? हिबानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच येडी. मग पुष्पावतीचा हात धरला आणि विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

मी तिला मराठीत विचारलं. पुष्पावती लाजली. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत आमच्याकडे. मग म्हणाली, "ग्यानोबा."

"अल्ला यरहमो," हिबा म्हणाली, आपण देव शांती देवो म्हणतो तसं. "आजारी होते का?"

आणि पुष्पावती फाटकाला धरून खाली बसली. सहा महिन्यांचं रडणं ते. हिबा तिच्याजवळ फरशीवर बसून राहिली, अंगावरच्या काळ्या अबायाची पर्वा न करता. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

कायद्यानं मालक बदलता येतो आता, हे मला माहीत आहे. त्यासाठीच्या रांगांत मी माझ्या कामासाठी उभी राहिले आहे, दुसऱ्यांसाठीही. हिबा तयार होती. हिबाकडून पहिल्याच दिवशी उचल मिळणार होती, ती थेट कॉलेजच्या खात्यात जाणार होती. ईश्वरी वाचत होती. रविवारी अर्ज भरायचं ठरलं.

नयनाला वास लागला. शेजारच्या व्हिलात? रोज समोर दिसणार? आणि आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी तिकडं सांगणार? शुक्रवारी अरुणकुमार जेवून सोफ्यावर बसला, टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. पुष्पावती जिना पुसत होती, तिनं डोळ्यांनी बघितलं. त्यानं मोबाईल काढला, सरकारी अ‍ॅप उघडलं आणि दोन ओव्हरच्या मधल्या जाहिरातीत तिचा व्हिसा रद्द केला. अंगठ्यानं.

"खलास," तो म्हणाला. "उद्याचं तिकीट आहे, मावशी. आमच्याच पैशाचं. कपाटातून तुमचा पासपोर्ट देतो."

तिनं मला फोन केला. मी अरुणकुमारला फोनवर घेतलं, तोंडाला येईल ते बोलले. तो ओरडलाही नाही. "मॅडम, आय हॅव नथिंग अगेन्स्ट हर. आमच्या घरात या गोष्टी बायको बघते," म्हणाला आणि फोन ठेवला. शनिवारी सरकारी ऑफिसं बंद. मी दिसेल त्या नंबरला फोन लावले, शनिवारी उचलतो कोण? तिला एअरपोर्टवर सोडायला ड्रायव्हर गेला. मी टॅक्सी करून पोहोचले तेव्हा ती आत गेली होती.

फाल्गुनात ईश्वरीचं लग्न झालं, वर्षाच्या आत. हिबानं पैसे पाठवायची तयारी दाखवली होती, पण तोवर कॉलेजातली जागा दुसऱ्या पोरीला गेली होती. पुष्पावतीला काकानं मांडवात पुढं येऊ दिलं नाही, विधवा आहे म्हणून. मागच्या बाजूला, चुलाण्यापाशी बसवलं. पुरण तेवढं वाटायला दिलं.

ती आता फोन उचलत नाही. एकदाच उचलला, म्हणाली, "बरी हाय, माय," आणि ठेवला.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मधुमावशी, मी ईश्वरी."

आवाज अगदी आईचा. मी विचारलं, आई कशी आहे, सासर कसं आहे. ती सगळ्याला "बरंय" म्हणत राहिली. मग म्हणाली, "मावशी, तिकडं काम बघता का मह्यासाठी? सासूबाई म्हणायल्यात, तुझ्या आईनं केलं तर तुला काय धाड भरली? स्वयंपाक येतो मला. बाळंतिणीचं बी करीन, दोन वर्षं शिकलेय."

"तू विशीत आहेस," मी म्हणाले. "तिशीच्या आत घरकामाच्या व्हिसावर आपलं सरकार सोडत नाही. माहीत आहे का?"

"काका म्हणतेत वय वाढवून मिळतं. पासपोर्टाला द्यायलेत."

"कोण काका?"

"महे काकाच वो. ते आता पोरी पाठवायचं काम करायलेत आखातात."

तीच पुढं म्हणाली, जरा अजिजीनं, जसं काही मुलाखतच चालली आहे, "आन मी सवाष्ण हाय, मावशी. त्याची काय अडचण येणार न्हाय."

मी तिला काकाचं पूर्ण नाव आणि गाव विचारलं. तिनं फोन ठेवून दिला. परत लावला तर बंद. मी नाव शोधून काढलं आहे, तक्रार लिहिली आहे, इथंही आणि मुंबईलाही. पुष्पावतीला मेसेज केला: पोरीला पासपोर्टच्या कागदावर सही करू देऊ नकोस. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलेलं नाही.